एकटीने विपश्यनेला जाताना पिशवीत काय नको?

वैजू_रामबाग
मंडळी, श्रावणात इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर १० दिवसांच्या ध्यानशिबिराला निघाले आहे. एकटी. नवरा, लेक, सासूबाई इंदूरलाच. अर्ज भरला, मंजुरीही आली, आता घोडं अडलंय ते सामानापाशी.

चाकांची बॅग न्यायची नाही, खांद्याला एक पिशवी लावून निघायचं, एवढं ठरवलंय. पण पलंगावर काढून ठेवलेला ढीग रोज वाढतोच आहे. येता-जाता प्रत्येक जण "असू दे, लागलं तर" म्हणत त्यात काहीतरी टाकून जातो. सासूबाईंनी जपमाळ आणि पोथी ठेवली, लेकीने पॉवर बँक, नवऱ्याने अर्धा किलो लौंग सेव.

काय न्यायचं याच्या याद्या भरपूर मिळाल्या. मला काय नको ते सांगा, आणि का नको तेही.

भियाजी
सेव नको म्हणणाऱ्याचा इंदूरचा रहिवासी दाखला रद्द करण्यात यावा.
आणि पॉवर बँक कशाला? तिथे फोनच जमा करून घेतात ना?

वैजू_रामबाग
@भियाजी लेकीचं म्हणणं, जमा केलेल्या फोनची बॅटरी उतरली तर परत येताना काय करशील. बिनतोड आहे.

आडवातिडवा
इंदूरातच गोम्मटगिरीला आपलं धम्म मालवा विपश्यना केंद्र असताना इगतपुरी कशाला? रिक्षाने पोचाल, खर्च वाचेल, सामानाचा प्रश्नच मिटला.

वैजू_रामबाग
@आडवातिडवा रिक्षाने पोचता येतं म्हणूनच तिथे नको. चौथ्या दिवशी घरचं कोणीतरी फाटकाशी येऊन विचारेल, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंयस.

आडवातिडवा
पटलं. इगतपुरीच बरी.

कावेरीकाठ
वैजूताई, मी जुनी साधक आहे, धम्मगिरीवरही बसले आहे. थोडं सविस्तर लिहिते.

आधी दिवस कसा असतो ते बघा, निम्मं सामान तिथेच गळतं. पहाटे ४ला घंटा, साडेचारला ध्यान, साडेसहाला नाश्ता, ११ला जेवण, ५ला चहा आणि फळं, ७ला विपश्यनेचे आचार्य गोयंकाजी यांचं ध्वनिमुद्रित प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मधला सगळा वेळ ध्यान. पहिले ३ दिवस आनापान, म्हणजे फक्त श्वासाकडे लक्ष, आणि चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदनांकडे लक्ष द्यायला शिकवतात. दहाव्या दिवशी सकाळपर्यंत आर्य मौन, त्यात खाणाखुणा आणि नजरानजरही आली. तुम्ही कुठला कुर्ता घातलाय हे बघायला कोणी मोकळं नसतं.

कपडे ढगळ आणि अंगभर हवेत. लेगिंग, बिनबाह्यांचं, आरपार दिसणारं काही चालत नाही. तासन् तास मांडी घालून बसायचं असतं, त्यामुळे कमरेशी घट्ट नाडी किंवा जाड शिवण असलेली सलवार तिसऱ्या दिवशी शत्रू वाटायला लागते. नवीन कपडे नेऊच नका. धुऊन धुऊन मऊ झालेले न्या.

आता कुठल्या यादीत सापडणार नाही अशी गोष्ट. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा नेऊ नका. एरवी कानावरही न येणारा तो आवाज मौनात, पहाटे ४ वाजता, सामाईक खोलीत दिवाळीच्या फटाक्यांसारखा वाजतो. एका शिबिरात माझ्या शेजारच्या बाईंचा साबण एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत आणि ती तिसऱ्या पिशवीत. मला रोज आनापानाऐवजी त्यांचा साबण दिसायचा. जुन्या साडीच्या किंवा मलमलच्या पिशव्या शिवून घ्या. चर्र आवाज करणारी चिकटपट्टीची पर्सही नको.

भियाजी
इंदूरवाला आणि प्लॅस्टिकची पिशवी? २०१७ साली स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून आम्ही ध्यानातसुद्धा ओला कचरा, सुका कचरा वेगळा करतो.

मालवी_मिरची
@कावेरीकाठ सुगंधाचंही सांगा ना. अत्तर, डिओ नकोच, पण वासाचं खोबरेल आणि उग्र साबणही नको. शंभर माणसं एका हॉलमध्ये श्वासाकडे लक्ष देऊन बसलेली, आणि त्यात एकीच्या केसांना जाई-जुई.

कावेरीकाठ
@मालवी_मिरची अगदी बरोबर. नियमातही ते आहे. डासांचं मलमसुद्धा सौम्य वासाचं बघा.

डॉ_गोळीबार
औषधांबद्दल थट्टा बाजूला ठेवून लिहितो.

सामान हलकं करायचं म्हणून औषधं कमी करू नका. पूर्ण मुक्काम आणि वर दोन-तीन दिवसांची भर, मूळ पाकिटासकट, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांना हे वेळापत्रक सोयीचंच आहे, ४ला उठलात की उपाशीपोटी घ्या, नाश्त्याला भरपूर अवकाश असतो.

मधुमेहींनी मात्र जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना भेटाच. ११ला जेवण आणि त्यानंतर रात्रीपर्यंत फळं-चहा एवढंच, तर इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्यांचा नेहमीचा डोस अंगाशी येऊ शकतो. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर ती मनानेच बंद करून जाणं धोक्याचं आहे. अर्जात तब्येतीबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. ही माहिती लपवून कोणाचं भलं होत नाही.

शेंगदाणा_कूट
डॉक्टर, गोळ्यांचं पाकीटसुद्धा पहाटे कडकड वाजतं हो.

डॉ_गोळीबार
@शेंगदाणा_कूट रात्रीच एक कापून उशाशी ठेवा. हा सल्ला विनाफी.

दत्तमंदिर_गल्ली
जपमाळ आणि पोथीबद्दल कोणीच बोललं नाही. सासूबाईंनी प्रेमाने ठेवलंय, तर "काय नको"च्या यादीत ते कसं काय? १० दिवस देवाचं नाव घ्यायचं नाही म्हणजे काय? आमच्या घरी रोजची पूजा कधी चुकली नाही.

कावेरीकाठ
@दत्तमंदिर_गल्ली माळ, ताईत, अंगारा, पोथी काहीच आत न्यायचं नसतं. त्या १० दिवसांपुरतं जप, पूजा, उपास, व्रत सगळं बाजूला ठेवायला सांगतात, मग धर्म कुठलाही असो. या पद्धतीला तिच्या अटींवर एकदा निखळ संधी द्यायची, असा विचार त्यामागे आहे. चुकून आलंच तर कार्यालयात जमा करता येतं. पुस्तक, वही, पेनसुद्धा बंद असतात.

दत्तमंदिर_गल्ली
मला नाही पटत. मन शांत करायला जायचं आणि ज्याने आयुष्यभर मन शांत झालं तेच बाहेर ठेवायचं? श्रावणात?

नर्मदे_हर
@दत्तमंदिर_गल्ली तुमचं दुखणं समजतं, मी स्वतः सश्रद्ध आहे. पण ज्याच्या घरी जेवायला जातो त्याच्या पंगतीचे नियम पाळतोच ना. न पटलं तर जाऊ नये, गेलो तर पाळावेत. पोथी घरी ठेवून सासूबाईंनाच म्हणा, माझ्या वाटचा एक अध्याय तुम्ही रोज वाचा. त्यांनाही बरं वाटेल.

वैजू_रामबाग
@नर्मदे_हर हे फार आवडलं. आत्ताच सांगून आले. म्हणाल्या, "वाचीन, पण मग सेव तरी ने."

भियाजी
सासूबाई आपल्या पक्षात!

नर्मदे_हर
मूळ प्रश्नाकडे येतो. विपश्यना केलेली नाही, ओंकारेश्वरहून नर्मदेची पायी परिक्रमा केली आहे. हलकं सामान म्हणजे काय हे तिथे कोणाला शिकवावं लागत नाही, खांदा शिकवतो. निघताना प्रत्येकाच्या पाठीवर मोठी पिशवी असते आणि थोड्याच दिवसांत वाटेवरच्या आश्रमांत स्वेटर, डबे, जादा धोतरं सोडलेली दिसू लागतात. शेवटी उरतं अंगावरचं एक, वाळत घातलेलं एक, पांघरायला एक, हातात काठी आणि पूजेची नर्मदाजलाची बाटली. जेवण सदावर्तात. तरी कोणाचं अडत नाही.

पिशवी भरून झाली की ती खांद्याला लावून राजवाड्यापासून रामबागेपर्यंत चालत जाऊन या. घरी येईपर्यंत काय काढायचं ते कळलेलं असेल.

मालवी_मिरची
@नर्मदे_हर राजवाड्यापासून निघायचं म्हणजे शेजारी सराफ्याची खाऊगल्ली. पिशवी हलकी होईल, माणूस जड.

आडवातिडवा
मी जरा वाकडं बोलणार आहे. हे "सजग पॅकिंग" वगैरे नवं खूळ आहे. आमच्या ओळखीत एक जण "कमीत कमी सामान" शिकला आणि त्यासाठी बारा हजारांची खरेदी करून आला. झटपट वाळणारा टॉवेल, घडीची बाटली, घडीचा चमचा, चौकोनी पाऊच, पाऊच ठेवायचा पाऊच. जुनं सगळं घरात तसंच. कमी वस्तू बाळगण्यासाठी आधी दुकानात जावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

आणि दुसरं. पूर्वी होल्डॉल घेऊन लोक महूवरून खंडव्याला मीटरगेजने जायचे. गादी, उशी, तांब्या, स्टोव्ह सगळं बरोबर. त्यांची मनं काय अशांत होती?

शेंगदाणा_कूट
मीटरगेज म्हटलं आणि कालाकुंड स्टेशनवरचा पानातला कलाकंद आठवला. धाग्याचं वाटोळं केल्याबद्दल क्षमस्व.

खंडवा_जंक्शन
@शेंगदाणा_कूट क्षमा कसली. घाटात गाडी पुढे सरकायची आणि खिडकीतून पानं आत यायची. आता पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडी आहे, पण ती सहलीची. त्या गाडीने कोणी कुठे पोचत नाही.

डॉ_गोळीबार
@आडवातिडवा होल्डॉल उचलायला हमाल होता. ताई एकट्या निघाल्या आहेत.

मालवी_मिरची
@आडवातिडवा खरेदीबद्दल शंभर टक्के सहमत. टॉवेलऐवजी पंचा न्या. पातळ, लवकर वाळतो, डोक्याला बांधता येतो, बसमध्ये डोळ्यांवर घेता येतो. आजोबांचा घरात पडलेला असतोच.

सह्याद्री_ओला
इंदूरकरांनो, तुम्हाला इगतपुरीचा पाऊस माहीत नाही म्हणून सुती-सुती चाललंय. माझं माहेर घोटीचं. श्रावणात तिथे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, धुकं खिडकीतून आत येतं. जाड सुती कुर्ता धुतला तर तिसऱ्या दिवशीही दमट आणि वर कुबट वास. मलमल किंवा सुती-टेरिकॉट मिश्र न्या. जीन्सचा तर विचारही नको. दोन जोड धू-घाल करून भागतं हे परिक्रमेच्या थंडीत ठीक, इथे एक जोड जादा हवाच. आतले कपडे भरपूर न्या, तिथे काटकसर नको.

दोरीचा तुकडा आणि चार चिमटे बरोबर असू द्या. रेनकोटपेक्षा छत्री. निवासातून हॉलमध्ये, हॉलमधून भोजनालयात दिवसभर ये-जा, दर वेळी रेनकोट काढ-घाल कोण करणार. शिवाय तोही वाजतो.

कावेरीकाठ
@सह्याद्री_ओला पावसाचं बरं लिहिलंत, मी हिवाळ्यातली आहे. पुस्ती जोडते, चपला सहज निघणाऱ्या हव्यात, पट्ट्याच्या नकोत. हॉलबाहेर निळ्या रबरी चपलांची रांग लागलेली असते, सगळ्या जुळ्या. आपल्या चपलेला रंगीत दोरा बांधून ठेवा. मौनात "अहो, ती माझी" म्हणता येत नाही.

इंदूर_टू_नाशिक
प्रवासाचं कोणी लिहिलं नाही. इंदूरहून मुंबईला जाणाऱ्या नेहमीच्या गाड्या रतलाम-बडोदा-सुरतेवरून जातात, इगतपुरी त्या वाटेवर नाही. एक तर बसने खंडव्याला जाऊन भुसावळमार्गे गाडी पकडा, नाहीतर रात्रीची स्लीपर बस सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव करत नाशिक. मी दुसरी वाट घेते.

एकटीने जाताय तर एक ऐका. मुंबईची बस इगतपुरीवरून जाते, पण ती तुम्हाला अंधारात हायवेवर उतरवून पुढे जाईल. नाशिकला उतरा, उजाडू द्या, चहा घ्या, मग पुढची ४५ किलोमीटर. नोंदणी काही पहाटे नसते.

ओळखपत्र, थोडी रोकड आणि परतीचं तिकीट कागदावर छापून घ्या. फोन परत मिळेपर्यंत तुम्हाला एकही नंबर पाठ नाही हे लक्षात येतं, तेव्हा घरचे दोन नंबर त्याच कागदावर लिहा. केंद्राच्या कार्यालयाचा नंबर घरी फ्रिजवर चिकटवा. अडचण आली तर घरचे तिथे कळवू शकतात, म्हणजे "फोन लागला नाही तर" ही धास्ती दोन्हीकडची जाते.

वैजू_रामबाग
@इंदूर_टू_नाशिक फ्रिजवर चिकटवला. लेकीने पॉवर बँक स्वतःहून उचलून नेली.

तुम्हा सगळ्यांचं वाचून आज दुपारी ढीग पुन्हा उपसला आणि एक गोष्ट दिसली. त्यात क्रोसिन होतं, मला चालत नाही, नवऱ्याला चालतं. ओव्याची पूड होती, ती सासूबाईंना लागते. केसांचे चाप लेकीचे. सुई-दोरा, जादा रुमाल, लिमलेटच्या गोळ्या, चिकटपट्ट्या. लग्नापासून प्रत्येक प्रवासाची बॅग मीच भरते आणि चौघांची भरते. माझ्या एकटीला काय लागतं हे मला पलंगापाशी उभं राहून आठवावं लागलं. गुडघ्याखाली घ्यायला एक छोटी उशी लागते, हे आठवायला बराच वेळ गेला. आणि नेमकी तीच ढिगात नव्हती.

मालवी_मिरची
वैजू, हे वाचून मी उठून माझी पर्स उपसली. कागदी रुमालांची तीन पाकिटं. मला सर्दी होत नाही.

दत्तमंदिर_गल्ली
आमच्या सौ.ने हे वाचलं. मला म्हणाल्या, पुढच्या वेळी तुमची बॅग तुम्ही भरा. वैजूताई, तुमचा धागा महागात पडला.

आडवातिडवा
मी वाकडं बोललो होतो ते खरेदीपुरतं कायम. पण बायकांच्या बॅगा जड का होतात याचं उत्तर आज मिळालं. आम्ही हात हलवत जातो आणि वर "किती सामान घेतेस गं" असं विचारतो.

कावेरीकाठ
वैजूताई, बसायच्या गाद्या आणि उशा तिथे मिळतात. तुमची छोटी उशी चालेल का ते मात्र कार्यालयाला आधी विचारा. गुडघ्यांचं जास्तच दुखणं असेल तर तेही आत्ताच कळवा, खुर्चीची सोय करतात.

दागिने घरीच ठेवा, तिथे जपत बसावं लागतं. पैशाचंही एक. राहण्या-जेवणाचं शुल्क नसतं, शिबिर पूर्ण झाल्यावर स्वेच्छेने दान देता येतं आणि तेही शिबिर केलेल्यांकडूनच घेतात. तेव्हा "किती रोख नेऊ" या चिंतेने पाकीट फुगवू नका.

भियाजी
सगळं झालं, लौंग सेवचं काय ठरलं? बाहेरचं खाणं चालत नाही हे मलाही माहीत आहे, पण बसमध्ये?

शेंगदाणा_कूट
बसमध्ये चालेल की. अर्धा किलो सेंधव्याचा घाट उतरेपर्यंत संपेल.

डॉ_गोळीबार
आदल्या रात्री अर्धा किलो लौंग सेव खाऊन पहिल्या दिवशी श्वासाकडे लक्ष? संवेदना लवकर जाणवतील, पण चुकीच्या ठिकाणी.

वैजू_रामबाग
ठरलं. सेवेची पुडी नाशिकला मावशीकडे ठेवीन, ती वाटच बघत असते. परत येताना तिच्याकडे उतरून पोह्यांवर घालून खाईन.

पिशवीत आता मलमलचे तीन जोड, आतले कपडे, पंचा, शाल, दोन चादरी, छत्री, बॅटरी, कुलूप, दोरी-चिमटे, बिनवासाचा साबण, औषधं आणि कागदपत्रांचं पाकीट आहे. उशीबद्दल कार्यालयाला विचारलंय, उत्तर यायचंय. राजवाड्यापासून चालून आले. चादरी जड वाटतात. @सह्याद्री_ओला एकच नेली तर?

सह्याद्री_ओला
@वैजू_रामबाग अंथरायला एक आणि पांघरायला एक, दोन्ही न्याच. रात्री गारठा असतो. जाड नकोत, पातळ न्या. मग शाल एखादवेळी काढलीत तरी चालेल.

कावेरीकाठ
@सह्याद्री_ओला शाल काढायला सांगू नका हो, साडेचारच्या बैठकीला खांद्यावर तीच लागते.

वैजू_रामबाग
बरं, दोन पातळ चादरी आणि शाल. कुलूप घरातलं सगळ्यात छोटं घेते. सगळ्यांचे आभार.

नवी_भरती
धागा वाचून काढला, खूप उपयोगी. मला उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात जायचंय. तिथेही हीच यादी चालेल का?

डॉ_गोळीबार
@नवी_भरती नाही. तिथे मातीचे लेप, वाफ, मालिश असे उपचार असतात. तेलामातीचे डाग पडले तरी चालतील असे जुने कपडे आणि पंचे वेगळे लागतील, शिवाय जुने तपासणीचे अहवाल. आणि तिथे मौन नाही, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी माफ. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.